कावून उशीर केला?

केजला आमचं घर म्हणजे पुढं दुकान आणि मागं आम्ही, मध्ये गोणपाटाचा एक पडदा. पडद्याच्या पलीकडं अब्बा कापूस पिंजायचे आणि अलीकडं अम्मा भाकरी थापायची. लहानपणी मला वाटायचं, हे दोन्ही आवाज एकाच कामाचे आहेत. तिकडं ढुंग, ढुंग, तुंय. इकडं थप, थप, थप. अब्बांची पिंजण छताला दोरीनं टांगलेली असायची, माणसाएवढी लांब, धनुष्यासारखी, आणि तिला ताणून बांधलेली आतड्याची तांत. लाकडी दस्त्यानं ते तांतीला ठोका द्यायचे की ती थरथरत कापसाच्या ढिगात शिरायची आणि वर्षानुवर्षं माणसांच्या अंगाखाली दबून दगड झालेला कापूस सुटा होऊन वर यायचा, उतू जाणाऱ्या दुधासारखा. घरात कापूस नाही अशी जागा नव्हती. माठाच्या झाकणावर, येसराच्या आमटीत, अम्माच्या भुवयांवर, माझ्या दप्तरात. वर्गातल्या पोरी मला 'म्हातारे' म्हणायच्या, कारण दोन वेण्यांत कायम पांढरं अडकलेलं. मला त्याचा राग यायचा नाही. बाई धडा वाचायला मलाच उभं करायच्या, आणि मी वाचायला लागले की त्याच पोरी गप्प बसायच्या.

घरात आम्ही दखनी बोलायचो. लिहायला बसले की ती आपोआप मराठी होते, कारण लिहायला मी मराठीतच शिकले, तेही सातवीपर्यंत. तेवढं वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं.

मग बाजारगल्लीत पिंजायची मशीन आली. लोक जत्रेसारखे बघायला गेले. एका बाजूनं जुना कापूस टाकायचा, घुर्रर्र आवाज, आणि चहा पिऊन होईस्तोवर दुसऱ्या बाजूनं तयार. अब्बापण एक दिवस जाऊन बघून आले. अम्मानं विचारलं, "कशी हाय?" तर म्हणाले, "चांगली हाय. मऊ करती." अब्बा कुणाला नावं ठेवायचे नाहीत, मशीनलाही ठेवली नाहीत. फक्त त्या दुपारी त्यांनी पिंजणीची तांत सोडली आणि पुन्हा बांधली. ती ढिली झालेली नव्हती. त्यानंतर पडद्याच्या पलीकडचा आवाज कमी कमी होत गेला, आणि अम्माच्या भाकरीची थपथप घरात एकटीच ऐकू यायला लागली. मला तेव्हापासून शांततेची भीती वाटते. आजही घर शांत झालं की मी उठून गॅस बंद आहे का बघते, मग दार बघते, मग पुन्हा गॅस.

केजात आता भागणार नाही हे सगळ्यांना कळलं होतं. पण जायचं कुठं?

पहिलं गाव सुचवलं मामूनं. मामू म्हणजे अम्माचा धाकटा भाऊ, कड्याला साखर कारखान्याच्या फाटकाजवळ केळी आणि संत्री विकायचा. आमच्याकडं यायचा तो बोलतच आत शिरायचा. "कड्याला या. कारखाना हाय, कॉलनी हाय, पगारदार माणूस हाय. तिथल्या गादीवाल्या शेटला मशीनवर माणूस पाहिजे. भोंगा वाजला की काम, भोंगा वाजला की सुट्टी. आणखी काय पाहिजे बे?"

"बे काय म्हणतो रे!" अम्मा लाटणं घेऊन उठली. "बहनोई हाय तुझा!"

"बरं, बे न्हाई. आणखी काय पाहिजे, हुजूर?"

अब्बा हसले. लई दिवसांनी हसले होते, म्हणून मला आठवतं.

दुसरं गाव सुचवलं अंकुश कंडक्टरनं. एसटीची गाडी केजात थांबली की तो आमच्या समोरच्या हॉटेलात चहा प्यायचा आणि बशी हातात धरूनच आमच्या दुकानापाशी यायचा. गेवराईकडं चकलांबा म्हणून गाव आहे, तिथला. "आमच्या गावात घरोघर कापूस हाय आणि पिंजारी न्हाई," तो म्हणाला. "रसूलचाचा दर साली यायचा, मेला बिचारा. बायका गाद्यांवरनं नवऱ्यांशी भांडायल्यात. मशीन आमच्याकडं इतक्यात येत न्हाई, तिला लाईट लागती. आमच्याकडं लाईटच पावणी हाय. एकदा येऊन तर बघा चाचा."

अम्मा म्हणाली, दोन्ही बघू. पोरीच्या लग्नाआधी दोन घरं बघतो, मग गाव काय न बघता करायचं?

कड्याला गेलो ते उसाच्या हंगामात. मामूनं सांगून ठेवलं होतं, ते डबडं आणू नका, म्हणून पिंजण घरीच राहिली, आणि अब्बा रिकाम्या खांद्यानं एसटीत चढताना कुणाची तरी वाट बघितल्यासारखे मागं वळले. गाव यायच्या आधीच मळीचा वास आला, गोड आणि आंबट, तो नंतर मामीच्या घरातल्या सालनाच्या रश्श्यालाही होता. रस्त्यानं उसाच्या बैलगाड्या, चाकांखाली चिपाडं, कॉलनीत एका रंगाची घरं. सगळे आमच्याशी लई चांगलं वागले. मामीनं जेवायला केलं, शेटनं खुर्ची दिली, चहा मागवला, म्हणाले, "बसा. घाई न्हाई. तुमीबी विचार करा, आमीबी विचार करून कळवतो." मग त्यांनी अब्बांना मशीन चालवून बघायला सांगितली. अब्बांनी एका बाजूनं कापूस टाकला आणि तो दुसऱ्या बाजूनं निघेपर्यंत त्यांना करायला काहीच नव्हतं. त्यांनी हात आधी बाजूला सोडले, मग पोटावर धरले, मग पाठीमागं नेले. तेवढ्यात कारखान्याचा भोंगा वाजला आणि अब्बा इतके दचकले की शेटचा नोकर हसला. अब्बाही हसले, पण ते मामूच्या 'हुजूर'वरचं हसू नव्हतं.

आणि मी? मी त्या दुकानासमोरच्या शाळेच्या कुंपणाला चिकटले होते. तिथं दहावीपर्यंतचे वर्ग होते. लाल रिबिनीच्या पोरी ओळीनं नळावर पाणी प्यायला आल्या होत्या. एका खोलीच्या उघड्या खिडकीतून कपाट दिसत होतं आणि कपाटात पुस्तकं, उभी ठेवलेली. आमच्या केजच्या शाळेत पुस्तकं आडवी असायची. फाटकापाशी एक बाई उभ्या होत्या. "कितवीला गं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "आता आठवीत जाईन." त्या म्हणाल्या, "मग ये."

एवढंच. पण ते 'मग ये' मी परतीच्या सगळ्या रस्त्यानं तोंडात धरून ठेवलं, लिमलेटच्या गोळीसारखं, लवकर संपू नये म्हणून न चावता.

चकलांब्याला जाताना मात्र अम्मा म्हणाली, "पिंजण घ्या. काम मागायला जायचं आणि हत्यार घरी?" गेवराईच्या पुढं जीप होती. पिंजण आत मावेना. ड्रायव्हर म्हणाला, "चाचा, ही सारंगी हाय का तोफ?"

"गादीवर झोपतोस ना रं बाबा?" अब्बा म्हणाले. "तुझ्या गादीची आई हाय ही."

"मग बसू द्या पुढं. आईचं तिकीट न्हाई." आणि खरंच पिंजण पुढच्या सीटवर आडवी बसली, आम्ही मागं दाटीवाटीनं, आणि खड्ड्यात जीप आदळली की ती आपली आपण तुंय करायची.

अंकुश कंडक्टरचं घर विचारत आम्ही एका गल्लीत शिरलो. एका पत्र्याच्या घराच्या ओसरीवर एक म्हातारी सरकी निवडत बसली होती, बोटांनी चाचपून. घराच्या आत कापूस पार आढ्यापर्यंत भरलेला, त्यावर दोन लेकरं लोळत होती. अब्बा वळले आणि पिंजणीचं टोक ओसरीच्या खांबाला लागलं. तुंय. म्हातारीनं मान वर केली. डोळ्यांत पांढरे पडदे होते.

"कोण हाय? रसूल का रं?" आणि अब्बांनी तोंड उघडायच्या आत ती सुरूच झाली. "औंदा कावून उशीर केला? गाद्यांचा पार दगूड झालाय. धाकटी सून बाळंत झाली, बाजेवर काय हातरायचं मी? माझं लुगडं? कावून बोलंना? दात पडले का?"

आमच्याकडं 'का' पुरत नाही, 'कावून' लागतं. त्यात विचारणं असतं, रुसणं असतं, आणि हक्क असतो. अब्बांनी आमच्याकडं बघितलं. आतून थोरली सून बाहेर आली, तिनं स्वतःच्या डोळ्यांकडं बोट दाखवून हात हलवला, म्हणजे म्हातारीला दिसत नाही, वाईट वाटून घेऊ नका.  अब्बांनी खांद्यावरची पिंजण उतरवली.

"चुकलं, माय," ते म्हणाले.

"चुकलं म्हनं! बस तितं. पाणी दे गं त्याला."

त्यांनी ओसरीच्या वाशाला दोरी बांधली, पिंजण टांगली आणि बसले. पहिला ठोका पडला तेव्हा म्हातारीनं मान थोडी कलती केली आणि सरकी निवडायची थांबली. तिचं नाव भागाबाई, आम्ही पुढं तिला भागाआजी म्हणायला लागलो. आवाज गल्लीभर गेला आणि बायका येऊ लागल्या, डोक्यावर गाद्या, काखेत उश्या, आणि आल्या आल्या प्रत्येकीचं भांडण. कुणाच्या गादीला ढेकळं झालेली, कुणाच्या घरी पावणे येणार होते. रसूलचाचाचे दोन वर्षांचे सगळे राग अब्बांनी खाली मान घालून ऐकून घेतले आणि हात चालू ठेवला. अम्मा पदर तोंडाला लावून हसत होती. मग सुनेनं धपाटे आणि दही आणलं, आणि भागाआजी म्हणाली, "खा आधी. भांडण ऱ्हाऊ दे, ते काय पळून जातंय."

आता मन लावून सांगायची गोष्ट. घरी आल्यावर आमच्यात दोन तट पडले. खरं म्हणजे एकच तट पडला, कारण अब्बा बोलतच नव्हते. अम्माचं मन चकलांब्यात रमलं होतं, पण अक्कल कड्याला होती. "तिथं पगार हाय. माझा भाऊ हाय. पोरीची शाळा हाय," ती म्हणाली. "चकलांब्यात सगळ्या गाद्या एकदा झाल्या की वर्षभर काय करायचं? आणि सातवीच्या पुढं हिला कुठं पाठवायचं? रोज त्या जीपला लटकून?" आमच्या घरातली पोरगी जीपला लटकून शाळेत जाणार नव्हती, हे कुणी म्हणायचीही गरज नव्हती. तिचं एकूण एक बोलणं बरोबर होतं. आजही मला त्यात खोट काढता येत नाही.

शुक्रवारचा दिवस होता. अब्बा नमाजला जायच्या तयारीत, धुतलेला सदरा घालून, दाराशी उभे होते. जाता जाता थांबले आणि मला म्हणाले, "शम्मो, तू सांग. घरात तूच शिकलेली हायस."

अम्माही माझ्याकडं बघायला लागली. माझ्या तोंडात ते 'मग ये' अजून विरघळलेलं नव्हतं. मी कडा म्हणायलाच तोंड उघडलं होतं. पण अब्बा उत्तराची वाट बघत उभे होते आणि त्यांनी हात पाठीमागं नेले होते. त्या मशीनपाशी नेले होते तसे. त्यांना ते माहीतही नसेल.

"चकलांबा," मी म्हणाले.

"कावून गं?" अम्मा म्हणाली. "आणि शाळा?"

"मला धपाटे आवडले."

अम्मा खो खो हसली. म्हणाली, पोटावर गेली बापाच्या. अब्बा हसले नाहीत. टोपी नीट केली आणि गेले.

टेम्पोत आमचा संसार आणि त्यावर पिंजण घालून आम्ही चकलांब्याला आलो. भागाआजीच्याच मागच्या खोलीत राहिलो, तिच्या सुनेनं आमच्यासाठी ती शेणानं सारवून ठेवली होती. अम्माला भीती होती ती थोडी खरी ठरली, पहिल्या वर्षी हात आखडून राहावं लागलं, पण आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरनं बोलावणी येऊ लागली आणि निभावलं. अब्बांच्या जिवाला मात्र एक लागून राहिलं होतं. म्हातारी त्यांना रोज रसूल म्हणायची. एक दिवस ते तिच्यासमोर जाऊन बसले आणि म्हणाले, "माय, तुला एक सांगायचं ऱ्हायलं. मी रसूल न्हाई."

"म्हाईत हाय," ती म्हणाली आणि शेंगा फोडत राहिली.

"कवापासनं?"

"पयल्या दिवसापासनं. डोळं गेलेत माझे, कान न्हाईत गेले. रसूल दर ठोक्याला खोकायचा. तू खोकलाच न्हाईस." मग फोलपटं फुंकून म्हणाली, "आन् मेलेला मानूस उशीर करून येतोय व्हय रं?"

"मग बोलली कावून न्हाईस?"

"बोलले असते तर तू पावना झाला असतास. पावना च्या पितो आन् जातो. पोरगी बरी हाय तुझी, पन लई गप. तिला दानं दे हे."

त्या घरानं आम्हाला किती दिलं ते मांडता येणार नाही. माझं लग्न त्याच अंगणात झालं. माझ्या पहिल्या बाळंतपणात माझ्या बाजेवरची गादी अब्बांनी पिंजलेली होती आणि तिच्यातला कापूस भागाआजीच्या शेतातला. लग्नानंतर नवऱ्याच्या कामापायी मी बंगळूरकडं आले आणि इथंच म्हातारी झाले. इथल्या भाषेत मी भाजी घेते, डॉक्टरला दुखणं सांगते, पण भांडू शकत नाही. भांडायला आपलं गाव लागतं. चकलांब्याला फोन केला की अजून आधी शिव्या बसतात, एवढ्या दिवसांत आठवण कावून न्हाई आली म्हणून, आणि मी फोन कानाला दाबून धरते.

हे सगळं आत्ता लिहायला बसले त्याला कारण आहे. माझा मुलगा इमरान एसी दुरुस्तीचं काम करतो. शहरात परवडेना म्हणून त्यानं बाहेरच्या बाजूची दोन गावं काढली आहेत, आणि गेले दोन रविवार आम्ही ती बघून आलो. एकीकडं त्याला स्वतःचं दुकान मिळतं, दुसरीकडं नातीला, सनाला, चांगली शाळा मिळते. परवा जेवताना तो हसत तिला म्हणाला, "सना, तू सांग, तुला कुठलं आवडलं?" आणि ती पोर बापाच्या तोंडाकडं बघायला लागली. मी हातातला घास ताटात ठेवला.

मी म्हणाले, "तिला विचारू नको. तू ठरव, आणि शाळेजवळचं ठरव."

"कावून, अम्मी?" तो म्हणाला. जन्म इथं गेला त्याचा, मराठी मोडकीतोडकी, पण हा शब्द तेवढा माझ्याकडून आलेला.

 मी दुःखी नाही, हे त्याला कसं पटवू? मला पुन्हा कुणी त्या दारात उभं केलं तर मी पुन्हा चकलांबाच म्हणेन. फक्त मला कुणी विचारायला नको होतं.

चकलांब्याची शाळा आमच्या खोलीपासून दूर नव्हती. सातवीच्या पुढं माझ्या कामाची नव्हती, पण तिची घंटा ऐकू यायची. घंटा म्हणजे लिंबाला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा. पहिल्या जूनमध्ये, शाळा उघडली त्या सकाळी, मी अब्बांसमोर बसले होते. उडणारा कापूस अडवायला गोणपाट धरायचं, हे माझं काम. ढुंग, ढुंग, तुंय. आणि घंटा वाजली. अब्बांनी दस्ता खाली ठेवला, थरथरणाऱ्या तांतीवर तळहात ठेवला आणि ती गप्प केली. घंटा वाजून पूर्ण संपली, पोरांचा गलका आत गेला, मग त्यांनी हात काढला आणि पुढचा ठोका दिला. दुसऱ्या दिवशीही तसंच. माझं लग्न होईपर्यंत, शाळा चालू असेल त्या प्रत्येक सकाळी तसंच. त्या वेळेपुरतं आमच्या घरात शाळेशिवाय दुसरा आवाज नसायचा.

एकदाच मी विचारलं, "अब्बा, तुम्ही कावून थांबता?"

"तांत तापती गं," ते म्हणाले. "जरा गार होऊ द्यावी लागती."

कापसात चालणारी तांत तापत नसते, एवढं पिंजाऱ्याच्या पोरीला कळतं. आणि धपाट्यांवरनं कुणी गाव निवडत नसतं, हे त्यांनाही कळलंच असणार. मी 'बरं' म्हणाले आणि गोणपाट पुन्हा वर धरलं.